वाचकांचे प्रश्न : ब्लास्टिंगच्या कामातील धूळ, हवा आणि दाब

कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या या सदराकडे सँडब्लास्टिंग, शॉटब्लास्टिंग आणि ग्रिटब्लास्टिंग यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. फाउंड्री, पावडर कोटिंग, काचेवरची नक्षी, जहाजदुरुस्ती, पुलांची रंगरंगोटी असे पत्रलेखकांचे व्यवसाय वेगवेगळे आहेत. पण दाबाच्या हवेने खरखरीत कण फेकून पृष्ठभाग साफ करणे हे काम सर्वत्र एकच आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी दिलेली नाहीत.

प्रश्न : कोल्हापूरजवळ माझा पावडर कोटिंगचा लहान कारखाना आहे. गंज काढण्यासाठी आम्ही वाळू वापरतो. ती धुऊन, वाळवून आणि चाळून घेतो, त्यामुळे तिच्यात माती राहत नाही. काम करणाऱ्या दोघांना गॉगल आणि कापडी मास्क दिले आहेत. शेड तीन बाजूंनी उघडी आहे. एवढी काळजी पुरेशी आहे का? स्टील ग्रिट (पोलादाचे टोकदार कण) वापरा असे काही जण सांगतात, पण वाळू फारच स्वस्त पडते.

उत्तर : नाही, एवढी काळजी पुरेशी नाही, आणि सर्वांत आधी बदलायची गोष्ट मास्क नसून वाळू आहे.

वाळू धुतल्याने माती जाते, पण वाळूतील क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, जात नाही. शिवाय घातक धूळ पोत्यातून येतच नाही, ती कामाच्या वेळी तयार होते. नोझलमधून सुटलेला वाळूचा कण लोखंडावर आदळून फुटतो आणि त्याचे जे अतिसूक्ष्म तुकडे होतात, त्यांतील सुमारे चार-पाच मायक्रॉनहून लहान तुकडे नाक आणि घसा चुकवून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात, आणि ही झुंज वर्षानुवर्षे चालून फुप्फुसात कडक गाठी आणि व्रणतंतू साचत जातात. हाच सिलिकोसिस. नुकत्याच फुटलेल्या सिलिकेचा पृष्ठभाग जुन्या धुळीपेक्षा अधिक दाहक असतो, आणि ब्लास्टिंगमध्ये माणूस नेमकी हीच ताजी धूळ श्वासात घेतो. त्यामुळे खाणीत किंवा दगडफोडीवर ज्या आजाराला बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, तो वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्यांत काही वर्षांत, आणि धूळ फारच दाट असेल तर काही महिन्यांतही दिसू शकतो. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी वाळूचा मारा करणाऱ्या तरुण कामगारांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि २००९ मध्ये तेथील सरकारला त्या कामात वाळूवर बंदी घालावी लागली. ब्रिटनने तर कास्टिंग (ओतीव वस्तू) आणि तत्सम वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये सिलिकायुक्त वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनीच मनाई केली होती. आपल्याकडील कारखाने नियमांतही ब्लास्टिंगची गणना धोकादायक कामांत झालेली असून मुक्त सिलिका असलेला पदार्थ ब्लास्टिंगच्या यंत्रात घालण्यास मनाई आहे. स्वस्ताईचा हिशेब करताना ही बाब तुम्ही ध्यानात घ्यावी.

मात्रा किती कमी असते तेही पाहा. अमेरिकेने २०१६ मध्ये श्वासात जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेची आठ तासांची सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५० मायक्रोग्रॅम ठरवली. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच शेडमधील सगळ्या हवेत मिळून ही सिलिका अवघी १५ मिलिग्रॅम होते, म्हणजे चिमूटभर वाळूपेक्षाही पुष्कळ कमी. तुमचा कारागीर एका तासात किती पोती वाळू उडवतो ते तुम्हालाच ठाऊक आहे. या धुळीपुढे कापडी मास्क निरुपयोगी आहे, आणि दुकानात मिळणारा एन-९५ मास्कही या कामासाठी बनवलेला नाही.

उघड्या शेडविषयी एक साधी चाचणी सुचवतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर, काम थांबवून दहा मिनिटे झाल्यानंतर, शेडमधील सर्व दिवे बंद करावेत आणि एका बाजूने प्रखर टॉर्च लावावा. टॉर्चचा दिवा एखाद्या पत्र्याआड झाकून त्याच्या झोताकडे समोरून पाहिले, की दिवसा डोळ्यांना अजिबात न दिसणारी धूळ झोतात तरंगताना दिसते. तुमचा हेल्पर याच सुमारास फावडे घेऊन सांडलेली वाळू गोळा करायला येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या तोंडाला रुमालाखेरीज काही नसते. ब्लास्टर पडद्याआड तरी असतो. हेल्परला मात्र धुळीचा धोका सांगण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. उघड्या शेडमधून बाहेर पडणारी धूळ शेजारच्या गाळ्यात आणि रस्त्यावर जाते, म्हणजे ती नाहीशी होत नाही, फक्त दुसऱ्याच्या वाट्याला येते.

आता खर्चाविषयी. वाळू एकदा आदळली की तिचा बराचसा भाग पीठ होऊन वाया जातो. बंदिस्त खोलीत वापरलेली स्टील ग्रिट मात्र गोळा करून, चाळून अनेक डझन वेळा वापरता येते. गार्नेट हे खनिज साधारण तीन ते पाच वेळा वापरता येते आणि त्यात मुक्त सिलिका बहुधा एक टक्क्याहून कमी असते. ग्रिट परत गोळा करण्यासाठी बंद खोली, उतरती जमीन आणि डस्ट कलेक्टर लागतो, म्हणून सुरुवातीचा खर्च मोठा वाटतो. पण दर महिन्याची वाळू, तिची वाहतूक आणि वापरलेल्या भुशाची विल्हेवाट एकत्र धरून वर्षाचा ताळा मांडला, तर चित्र बरेच बदलते. पावसाळ्यात ग्रिट गंजून तिची ढेकळे होतात, म्हणून ती झाकून कोरड्या जागी ठेवावी. कोणताही पदार्थ घेताना पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे आणि त्यातील मुक्त सिलिकेचा आकडा स्वतः वाचावा. कॉपर स्लॅग (तांबे गाळताना उरणारी मळी) स्वस्त असते, पण तिच्यात आर्सेनिक, बेरिलियम यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असू शकतात. तिला निरुपद्रवी समजू नये.

तुमच्या भागातील फाउंड्रीवाल्यांसाठी एक पुस्ती जोडतो. कास्टिंगला साच्याची वाळू चिकटलेली असते. तुम्ही स्टील शॉट वापरलात तरी ती वाळू फुटते आणि सिलिकेची धूळ उडतेच. त्यामुळे ‘आमच्याकडे वाळू वापरत नाहीत’ एवढ्यावर फेटलिंग (कास्टिंग साफ करण्याच्या) विभागाने निर्धास्त राहू नये.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात ब्लास्टर आहे. कंपनीने हवेचे हेल्मेट दिले आहे. पण दुपारनंतर डोके जड होते, मळमळते आणि हेल्मेटमध्ये जळक्या तेलासारखा वास येतो. ‘फिल्टर बसवला आहे, काही होत नाही,’ असे सुपरवायझर म्हणतात. उन्हाळ्यात त्रास वाढतो.

उत्तर : त्रास सुरू होताच काम थांबवून मोकळ्या हवेत यावे, आणि तुमच्या हेल्मेटची हवा तपासल्याशिवाय पुन्हा हेल्मेट चढवू नये. तुम्ही सांगितलेली लक्षणे उष्णतेनेही होऊ शकतात, पण जळका वास आणि डोकेदुखी एकत्र आली की कार्बन मोनॉक्साइडचा संशय आधी घ्यावा लागतो. या वायूला स्वतःचा वास नसतो. तो दोन वाटांनी येतो : कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड डिझेल इंजिनच्या किंवा उभ्या ट्रकच्या धुराजवळ असले तर, आणि तेलाचा कॉम्प्रेसर फार तापून त्यातले तेल आतल्या आत जळू लागले तर. उन्हाळ्यात त्रास का वाढतो, याचे उत्तर बहुधा दुसऱ्या वाटेत आहे.

सुपरवायझर सांगतात तो फिल्टर तेलाची वाफ, पाणी आणि वास अडवतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून आरपार जातो. त्यासाठी हवेच्या लाइनवर त्या वायूचा अलार्म असलेला मापक लागतो, आणि तेलाच्या कॉम्प्रेसरला तापमान वाढताच बंद पडणारी कळ लागते. श्वासाच्या हवेत हा वायू दहा लाखांत १० भागांहून अधिक नसावा, असे मान्य प्रमाण आहे. कॉम्प्रेसरचे तोंड धूर, रस्ता आणि खुद्द ब्लास्टिंगची धूळ यांपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणावे. श्वासाच्या हवेची लाइन ब्लास्टिंग पॉटच्या (फेकायचे कण दाबाखाली ठेवणाऱ्या टाकीच्या) लाइनपासून वेगळी असावी, तिचे कपलिंगही वेगळ्या मापाचे असावे, म्हणजे घाईत चुकीची नळी जोडली जाणार नाही. हवा ‘ताजी’ व्हावी म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कदापि मानू नये. तेलाशी ऑक्सिजनचा संपर्क आला तर भडका उडतो.

हेल्मेट स्वच्छ जागेत चढवावे आणि नोझल बंद केल्यावर लगेच न काढता खोलीबाहेर आल्यावरच काढावे. घाम पुसण्यासाठी खोलीतच हेल्मेट वर उचलण्याची सवय अनेकांना असते. तेवढ्या वेळात जाणारी धूळ दिवसभराच्या काळजीवर पाणी फिरवते. कानांचे संरक्षण हेल्मेटच्या आत वेगळे घालावे. नोझलपाशी आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि हेल्मेटमधील हवेच्या आवाजाची त्यात भर पडते.

प्रश्न : माझे यजमान आठ वर्षे काचेवर आणि ग्रॅनाइटवर नावे व नक्षी कोरण्याच्या दुकानात सँडब्लास्टिंग करीत होते. वर्षभर कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते, वजन उतरले आहे. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून टीबीची औषधे सुरू केली, पण धाप कमी नाही. त्यांच्या बरोबरीच्या एकालाही असाच त्रास आहे. हा धुळीचा आजार असेल का? दुकानमालक हात वर करतात.

उत्तर : ताई, पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुमची शंका अतिशय रास्त आहे आणि ती छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांपुढे लगेच मांडावी. सिलिकोसिस आणि क्षयरोग यांचे डाग एक्स-रेमध्ये, विशेषतः फुप्फुसाच्या वरच्या भागात, एकमेकांसारखे दिसू शकतात. आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक असते, म्हणजे दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. म्हणून टीबीची औषधे स्वतःहून मुळीच बंद करू नका. थुंकीची तपासणी झाली आहे का, तिचा निकाल काय आला, एवढे मात्र विचारून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना यजमानांच्या कामाचा इतिहास एका कागदावर लिहून न्या : कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, दिवसाला किती तास, वाळू होती की दुसरा पदार्थ, खोली बंद होती की उघडी, तोंडावर काय असे. ग्रॅनाइटमध्ये स्वतःचे क्वार्ट्झ असते, त्यामुळे वाळू नसली तरी ग्रॅनाइट कोरताना सिलिका उडते, हेही त्यात लिहा. गर्दीच्या ओपीडीत ‘काम काय करता’ हा प्रश्न राहून जातो आणि ‘मजुरी’ एवढेच उत्तर कागदावर येते; निदान चुकण्याचे हे फार मोठे कारण आहे. पहिल्यापासूनचे सर्व एक्स-रे, तारखेच्या क्रमाने, सोबत न्या. डॉक्टर श्वासक्षमतेची तपासणी आणि गरज वाटल्यास सीटी स्कॅन सांगतील.

खरे ते सांगायचे तर सिलिकोसिसने झालेले फुप्फुसाचे नुकसान भरून काढणारे औषध नाही. पण धुळीपासून कायमचे दूर होणे, विडी-सिगारेट सोडणे, क्षयरोगाचा पूर्ण उपचार आणि जंतुसंसर्ग टाळणे यांनी पुढचा मार्ग नक्कीच सुकर होतो. यजमानांनी त्या कामावर परत जाऊ नये, मग दुकान दुसरे असले तरीही.

हक्कांविषयी : सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाने अधिनियमात आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे, तो आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सरकारी यंत्रणेला कळवायचे असते. यजमानांचा ईएसआय क्रमांक असेल तर व्यावसायिक आजार म्हणून तेथील वैद्यकीय मंडळापुढे प्रकरण नेता येते. ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ पासून चालत आलेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेली भरपाईची तरतूद आहे. मालक नोकरीच नाकारतील, या शक्यतेने हजेरीच्या वह्यांचे फोटो, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, दुकानातील जुने फोटो आणि सहकाऱ्यांचे लेखी म्हणणे आजच गोळा करून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पात्र व्यक्तींना विनामूल्य वकील मिळतो आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट नसते. अर्ज तुम्ही स्वतः केला तरी चालेल. तक्रार महाराष्ट्र शासनाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही करता येते. बरोबरीच्या त्या सहकाऱ्यालाही सोबत घ्या. दोन माणसांना एकाच दुकानात एकच त्रास होणे ही गोष्ट तुमच्या म्हणण्याला बळ देते.

प्रश्न : गोव्यातील एका यार्डात मी ठेकेदाराकडे जहाजांच्या तळाचे ब्लास्टिंग करतो. नोझलच्या हँडलची कळ दिवसभर दाबून ठेवावी लागते, म्हणून आम्ही ती तारेने बांधतो. मागच्या महिन्यात होसचा जोड सुटून एकाच्या पायाला मार बसला. तेव्हापासून तार काढायची की नाही यावर आमच्यात वाद आहे. जुना शेंदरी रंग काढतानाही काही वेगळी काळजी लागते का?

उत्तर : तार आजच काढावी. त्या कळीला डेडमॅन हँडल म्हणतात आणि तिचे काम एवढेच आहे की हात सुटताच काही क्षणांत मारा थांबावा. शिडीवरून पाय घसरला, भोवळ आली, किंवा होसने झटका दिला, की बांधलेली नोझल सुमारे ७ बार दाबाने मोकाट फिरते, आणि त्या झोतापुढे चामड्याचे हातमोजेही टिकत नाहीत. हात भरून येतो ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिच्यावर उपाय तारेचा नव्हे, पाळ्यांचा आहे : दोघांनी आलटून पालटून काम करावे, दुसऱ्याने पॉटपाशी उभे राहून लक्ष ठेवावे. कळ दाबायला जड जात असेल तर बहुधा स्प्रिंग किंवा सील खराब असते. ते बदलून मिळावे म्हणून ठेकेदाराकडे लेखी मागणी करा.

जोड सुटण्याची कारणे जवळजवळ नेहमीच डोळ्यांसमोर असतात. कपलिंगच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत सेफ्टी पिना आहेत का, आणि दोन होस एकमेकांना बांधणारी पोलादी दोरी प्रत्येक जोडावर आहे का, हे रोज सुरुवातीला पाहावे. होसवर हात फिरवत चालत गेल्यास जिथे आतून घासून भिंत पातळ झाली आहे, तेथे ती मऊ लागते. बहुतेक वेळा ही जागा वळणावर किंवा नोझलच्या मागच्या हातभर अंतरात सापडते. ही पाहणी दाब पूर्ण सोडल्यावरच करावी. नोझलचे छिद्र मूळ मापापेक्षा सुमारे दीड मिलिमीटरने मोठे झाले की ती बदलावी. ओळखीच्या मापाच्या ड्रिल बिटचा दांडा छिद्रात घालून हे क्षणात कळते. छिद्राचा व्यास दुप्पट झाला तर हवेची मागणी चौपट होते, दाब पडतो, आणि माणूस काम उरकण्यासाठी नोझल पृष्ठभागाच्या जवळ नेऊ लागतो. होस स्थिर वीज वाहून नेणारी असावी आणि पॉटला अर्थिंग असावे, नाहीतर बारीक झटके बसत राहतात आणि उंचावर त्यांनीच तोल जातो.

कण अंगात घुसून फक्त टाचणीएवढी जखम दिसली तरी तिला मलमपट्टी करून कामावर परतू नये. आत कण आणि हवा खोलवर गेलेली असते आणि बोट किंवा हात गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते; त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाच्या झोताची जखम’ असे स्पष्ट सांगावे.

शेंदरी रंगाविषयी तुम्ही विचारलेत हे फार चांगले केले. जुन्या जहाजांवर आणि पुलांवर तो रंग बहुधा रेड लेड प्रायमर, म्हणजे शिशाचा असतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग अशी घातली, ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे. औद्योगिक रंग त्यांत येत नाहीत आणि जुने थर तर नाहीतच. हा रंग उडवताना शिशाची धूळ होते. जेवण, चहा आणि तंबाखू तेथे अजिबात नको. हात-तोंड धुऊन, कपडे बदलूनच घरी जावे, आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत, कारण शिसे लहान मुलांना सर्वांत आधी बाधते. रक्तातील शिशाची तपासणी कामापूर्वी एकदा आणि नंतर ठरावीक काळाने व्हावी, अशी मागणी करा. कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने झटकू नये. त्याने धूळ पुन्हा नाकात जाते आणि जखमेतून हवा रक्तात शिरण्याचा धोका असतो.

प्रश्न : नाशिकला मी छंद म्हणून जुन्या मोटरसायकली दुरुस्त करतो. घराच्या गॅरेजमध्ये लहान ब्लास्टिंग कॅबिनेट आहे. आता मोठ्या भागांसाठी जुन्या गॅस सिलिंडरपासून पॉट बनवण्याचा विचार आहे. व्हिडिओमध्ये सोपे दिसते.

उत्तर : सिलिंडरचा पॉट बनवू नका. ब्लास्टिंग पॉट हे दाबपात्र आहे. त्याचे झाकण, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जोड यांची पाण्याच्या दाबाने चाचणी झालेली असते. सिलिंडर कापून झाळलेल्या ठिकाणी पोलादाची ताकद किती राहिली हे घरी तपासता येत नाही, आणि फुटलेल्या पॉटच्या झाकणापुढे कोणतेही हेल्मेट टिकत नाही. शिवाय सिलिंडर कापतानाच आतल्या वायूच्या अवशेषाने स्फोट होऊ शकतो. मोठे भाग एखाद्या ब्लास्टिंगवाल्याकडून करून घेणे स्वस्त आणि शहाणपणाचे आहे. तेथे वाळू वापरतात की ग्रिट, हे मात्र आधी विचारा.

कॅबिनेटमध्ये काचेचे मणी किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरावे. दार उघडल्यास हवा बंद होईल अशी कळ दारावर असावी. रबरी हातमोज्यांना बोटांपाशी चीर पडली की धूळ बाहेर येते, त्यामुळे त्यांची तपासणी वरचेवर करावी. व्हॅक्यूमची पिशवी साधी नको, हेपा फिल्टरची हवी, आणि तिचे बाहेरचे तोंड घरात नको. एक गोष्ट मोटरसायकलवाल्यांना सहसा माहीत नसते : ॲल्युमिनियमच्या भागांची धूळ आणि लोखंडाच्या गंजाची धूळ एकाच कलेक्टरमध्ये साचली, की ते मिश्रण ठिणगीने अतिशय तीव्र जळते. म्हणून ॲल्युमिनियमचे काम सुरू करण्यापूर्वी कॅबिनेट आणि कलेक्टर रिकामे करून घ्यावेत, आणि ती धूळ ओली न करता झाकणाच्या धातूच्या डब्यात वेगळी ठेवावी.